जावा ८ वरून १७: काउंटरचे स्क्रीन पळतायत पण रात्रीची व्याजाची बॅच मंदावली. १७ वर थांबावं की सरळ २१?

पतसंस्था_टेक

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीय पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे परत परत विचारायला लागू नये.

आम्ही कोल्हापूरची छोटी टीम, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो, ठेवी, कर्ज, पिग्मी, शेअर्स असं सगळं. कोड जावा ८ वर, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) २.७, आणि आतला व्याजाचा भाग त्याहून कितीतरी जुना, वेक्टर आणि हॅशटेबल (डेटा साठवायचे जावाचे जुने क्लास) वापरायच्या काळातला, चालतोय म्हणून कुणी हात लावलेला नाही. आता मात्र ऑडिटला दरवेळी जुन्या व्हर्जनचा मुद्दा निघतो, नवीन लायब्रऱ्या ८ वर चालत नाहीत, बूट ३ ला तर किमान १७ लागतंच. म्हणजे जायचं की नाही हा प्रश्न उरलाच नाही, कसं जायचं एवढंच ठरवायचंय.

टेस्ट सर्व्हरवर १७ टाकलं, टेमुरिनची (ओपनजेडीकेची फुकट मिळणारी) बिल्ड. मुद्दाम कोड नव्याने कंपाइल केला नाही, ८ वर बनलेली तीच जार (कंपाइल झालेल्या कोडचं गाठोडं) १७ वर चालवली. पहिल्यांदा काउंटरचा सर्व्हर उठेचना, कारण त्याच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये सीएमएस कलेक्टरचा (मेमरीतला कचरा उचलणारा जुना प्रकार) आणि मॅक्स पर्म साइजचा फ्लॅग होता, १७ ला ते फ्लॅग ओळखूच येत नाहीत आणि जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) सुरू व्हायलाच नकार देतं. ते काढले. मग जॅक्सबी या एक्सएमएलच्या लायब्ररीचे क्लास सापडेनात (ते ११ पासून जेडीकेतून बाहेर काढलेत), वेगळी डिपेंडन्सी टाकली. मग रिपोर्टची जुनी लायब्ररी रिफ्लेक्शनने जावाच्या आतल्या क्लासमध्ये घुसते तिथे अडलं, तिच्यापुरतं अ‍ॅड-ओपन्स (ते आतले क्लास उघडे करणारा फ्लॅग) दिलं. एवढ्यावर सगळं चालू झालं.

आता निकाल. काउंटरचे स्क्रीन छान पळतायत, आधी गर्दीच्या वेळी मध्येच सगळं गोठल्यासारखं व्हायचं ते थांबलंय. पण व्याजाची बॅच, जी वेगळ्या जेव्हीएममध्ये चालते आणि जिला हीपचा (ऑब्जेक्टांसाठीच्या मेमरीचा) आकार सोडून आम्ही कुठलाच फ्लॅग देत नाही, ती मंदावली. ८ वर पहाटेच्या आत आटपायची, १७ वर शाखा उघडायची वेळ होते तरी चालूच. तोच डेटा, तेच मशीन, तोच डेटाबेस. टॉपमध्ये (लिनक्सवर प्रोसेस बघायची कमांड) मेमरीही जास्त खाताना दिसतंय.

नवीन व्हर्जन म्हणजे वेग वाढणार असंच सगळीकडे वाचलं होतं, मग हे असं का? आणि आता १७ वर थांबावं का २१ वर उडी मारावी? ग्राहक संस्था लहान आहेत, चुकीचं व्याज किंवा उशीर दोन्ही परवडत नाही, म्हणून घाई करायची नाहीये.

जीसी_लॉग_वाचा

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर "कुठलाच फ्लॅग देत नाही" या तुमच्याच वाक्यात आहे.

जावा ८ मध्ये सर्व्हरवर काहीच सांगितलं नाही तर पॅरलल कलेक्टर लागतो. जावा ९ पासून (२०१७) तो डिफॉल्ट बदलून जी-वन केला. म्हणजे तुम्ही फक्त व्हर्जन बदललं असं तुम्हाला वाटतंय पण बॅचच्या खाली कचरा उचलणारी पूर्ण यंत्रणाच बदललीय. या दोघांचा स्वभाव वेगळा आहे. पॅरलल म्हणतो मी सगळं थांबवीन, एकदम साफ करीन आणि मग मधे मधे येणार नाही, त्यामुळे एकूण काम जास्त उरकतं पण थांबा मोठा. जी-वन थांबा लहान ठेवायला बघतो, त्याचं डिफॉल्ट लक्ष्य २०० मिलिसेकंद आहे, आणि त्यासाठी तो तुमच्या कोडच्या बरोबरीने मागे सतत हिशेब ठेवत असतो. एका ऑब्जेक्टमध्ये दुसऱ्याचा रेफरन्स लिहिला की दरवेळी थोडं जास्तीचं काम, शिवाय मागे चालणारे थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) सीपीयू खातात ते वेगळंच. काउंटरवर माणूस समोर उभा आहे तिथे लहान थांबा हवा म्हणून तुम्हाला तिकडे फरक आवडला. रात्री दोन वाजता बॅचचं कुणी तोंड बघत बसलेलं नाही, तिथे एकूण किती उरकलं एवढंच महत्त्वाचं.

तेव्हा आधी फक्त एकच गोष्ट करा, बॅचला यूज-पॅरलल-जीसी हा फ्लॅग देऊन १७ वरच परत चालवा. बाकी काही बदलू नका. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

मेमरीचं पण तिथंच येतं. जी-वन हीपचे तुकडे करतो आणि कुठल्या तुकड्यातून कुठल्या तुकड्यात रेफरन्स जातो याच्या नोंदी हीपच्या बाहेर ठेवतो, टॉपमध्ये ती जागा पण मोजली जाते. नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग समरीवर चालू करा आणि जेसीएमडी या जेडीकेच्या कमांडने काढून बघा, कुठे किती जातंय ते ओळीओळीने दिसेल. नुसत्या टॉपवरून निष्कर्ष काढू नका.

अजून एक, बॅचमध्ये मोठे मोठे बाइट अ‍ॅरे बनतात का? म्हणजे पूर्ण शाखेचं स्टेटमेंट मेमरीत जोडून मग फाइलीत लिहिणं वगैरे. जी-वनमध्ये तुकड्याच्या निम्म्या किंवा त्याहून मोठं ऑब्जेक्ट आलं की त्याला वेगळी वागणूक मिळते, सलग जागा शोधावी लागते. ४ जीबी हीप असेल तर तुकडा २ एमबीचा पडतो, म्हणजे १ एमबीचा अ‍ॅरेसुद्धा त्यात आला. जीसी लॉगमध्ये ह्यूमंगस हा शब्द दिसतोय का बघा. आणि हो, लॉगचे जुने फ्लॅग पण ९ पासून बदललेत, आता एक्स-लॉग वापरायचं, जुन्या फ्लॅगपैकी काही १७ वर जेव्हीएमला उठूच देत नाहीत.

रात्रपाळी

वरच्यांशी सहमत, पण मला अजून एक संशय आहे आणि तुम्ही वेक्टर, हॅशटेबल म्हणालात म्हणून बोलतोय.

जावा ८ मध्ये बायस्ड लॉकिंग म्हणून एक सोय होती. एखादा लॉक कायम एकच थ्रेड घेत असेल तर जेव्हीएम तो लॉक त्या थ्रेडच्या नावावर लावून टाकायचं, मग पुढच्या वेळी लॉक घेणं जवळपास फुकट. वेक्टरची प्रत्येक अ‍ॅड, प्रत्येक गेट, स्ट्रिंगबफरची प्रत्येक अपेंड ही सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकच थ्रेड आत, त्यासाठी आधी लॉक घ्यायचा) असते, त्यामुळे तुमच्यासारख्या जुन्या कोडला याचा भरपूर फायदा मिळत होता आणि कुणाला कळतही नव्हतं. जावा १५ मध्ये (२०२०) ही सोय डिफॉल्टने बंद केली. कारण असं की जेव्हीएमच्या आतला तो कोड फार गुंतागुंतीचा होऊन बसला होता आणि नवीन कोड अ‍ॅरेलिस्ट, हॅशमॅप वापरतो, त्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्या बाजूने निर्णय बरोबरच आहे, पण किंमत जुन्या कोडला मोजावी लागते.

आता महत्त्वाचं. हे नेहमीच्या प्रोफाइलरमध्ये सहज दिसत नाही, कारण फ्लाइट रेकॉर्डर (जावासोबत येणारा प्रोफाइलर) लॉकसाठी भांडण झालं तर नोंदवतो आणि इथे भांडण नाहीच, एकटाच थ्रेड लाखो वेळा लॉक घेतोय आणि सोडतोय. पण १७ वर हा फ्लॅग अजून शिल्लक आहे, यूज-बायस्ड-लॉकिंग चालू करून एक रात्र बॅच पळवा. डेप्रिकेटेड आहे अशी वॉर्निंग येईल, येऊ द्या. बॅच वेगात आली तर चोर सापडला. मात्र प्रॉडक्शनला हा फ्लॅग ठेवून आयुष्य काढायचं नाही, १८ मध्ये ते प्रकरणच काढून टाकलंय, त्यामुळे २१ ला तुमच्या हातात काहीच राहणार नाही. फ्लॅग फक्त निदानापुरता.

आणि तुलना करायची तर ८ ची बाजू पण नीट मोजून ठेवा, फ्लाइट रेकॉर्डर जावा ८ च्या २६२ नंबरच्या अपडेटपासून त्यातही आहे. मी बघतो तेव्हा बहुतेक टीम नवीन व्हर्जनचं रेकॉर्डिंग घेतात आणि जुन्याचं "साधारण एवढं लागायचं" असं तोंडी सांगतात. जुना सर्व्हर एकदा बंद केला की ते रेकॉर्डिंग परत मिळणार नाही.

पतसंस्था_टेक

दोघांचे मनापासून आभार. दोन्ही वेगवेगळं करून बघितलं, वेगवेगळ्या रात्री.

पॅरलल जीसी दिल्यावर बॅच बरीच सावरली पण ८ च्या बरोबरीला आली नाही. मग पॅरलल तसाच ठेवून बायस्ड लॉकिंग चालू केलं तर ८ पेक्षा लवकर संपली! म्हणजे दोन्ही कारणं होती. आता कोडमध्ये शोधलं तर व्याजाच्या आतल्या लूपमध्ये प्रत्येक खात्याचा उतारा स्ट्रिंगबफरने एकेक तुकडा जोडत बनतोय आणि दिवसवार शिल्लक वेक्टरमध्ये जातेय. सरसकट शोधा-आणि-बदला करून स्ट्रिंगबिल्डर आणि अ‍ॅरेलिस्ट करू का? साधारण किती धोका आहे?

रात्रपाळी

सरसकट नको. ज्या मेथडच्या आत ऑब्जेक्ट जन्मतो आणि आतच मरतो तिथे बिनधास्त बदला. जिथे तो क्लासचा फील्ड आहे किंवा बाहेर परत दिला जातो तिथे आधी बघा की दोन थ्रेड त्याला हात लावतात का, कारण जुन्या लोकांनी काही ठिकाणी वेक्टर विचार करून वापरलेला असतो आणि काही ठिकाणी त्या काळी तेच शिकवायचे म्हणून. नुसता कोड वाचून हे नेहमी ओळखता येत नाही. स्टॅटिक हॅशटेबल दिसलं तर तिथे हॅशमॅप कधीच टाकू नका, कॉन्करंट हॅशमॅप टाका, मात्र त्याच्यावर आख्खं ऑब्जेक्ट लॉक करून दोन-तीन ओळी चालवलेल्या असतील तर तिथेही थांबून विचार करा.

शिवाय बाइट अ‍ॅरे आउटपुट स्ट्रीमवर एकेक बाइट लिहिणारा कोड असेल तर तोही बघा, तिथेही दर बाइटला लॉक आहे. ब्लॉकने लिहा. हे बदल ८ वर असतानाच करता येतात, त्यासाठी १७ ची वाट बघायची गरज नाही, आणि तसंच करा म्हणजे व्हर्जनचा बदल आणि कोडचा बदल वेगळे राहतील.

शिरोरेघ

वेगाबद्दल चांगली चर्चा चाललीय पण मला जास्त काळजी मराठी मजकुराची वाटतेय, त्यावर अजून कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी पण सहकारी संस्थांच्याच सॉफ्टवेअरवर काम करते.

पहिली गोष्ट छोटी. जावा ९ मध्ये कॉम्पॅक्ट स्ट्रिंग्ज आल्या, त्यामुळे इंग्रजी मजकूर दर अक्षराला दोनऐवजी एका बाइटमध्ये मावतो आणि नवीन जावा मेमरी कमी खातो असं सगळे म्हणतात ते यामुळेच. पण स्ट्रिंगमध्ये एक जरी देवनागरी अक्षर असलं तर पूर्ण स्ट्रिंग जुन्यासारखी दोन बाइटवर जाते. खातेदाराचं नाव, पत्ता, गाव सगळं मराठीत असेल तर तुम्हाला ती बचत मिळणारच नाही. उलट स्ट्रिंगबिल्डर सुरुवातीला एका बाइटने चालू होतो आणि मधे मराठी अक्षर आलं की आत्तापर्यंतचं सगळं दुसऱ्या जागी उतरवून घेतो. उताऱ्यात आधी तारीख, मग रक्कम, मग मराठी तपशील असा क्रम असेल तर प्रत्येक उताऱ्याला हे होणार. फार मोठा खर्च नाही, पण जवळजवळ सगळाच डेटा मराठी असेल तर कॉम्पॅक्ट स्ट्रिंग्ज बंद करायचा फ्लॅग आहे, एकदा मोजून बघायला हरकत नाही. आकडे आणि कोड इंग्रजी, नावं मराठी असा मिश्र डेटा असेल तर मी तो चालूच ठेवीन.

दुसरी गोष्ट मोठी आहे आणि ती १७ ला नाही, २१ ला चावते. १७ पर्यंत एन्कोडिंग सांगितलं नाही तर जावा मशीनचं डिफॉल्ट घ्यायचं, विंडोजवर आपल्याकडे ते बहुतेक वेळा विंडोज-१२५२ असतं. जावा १८ पासून (२०२२) सगळीकडे यूटीएफ-८ हे डिफॉल्ट झालं. युनिकोड मराठीसाठी हे वरदान आहे, सर्व्हर बदलला की नावांच्या जागी प्रश्नचिन्हं हा प्रकार यामुळे पुष्कळ कमी होतो. पण आपल्याकडच्या कित्येक संस्थांचा जुना डेटा युनिकोडमध्ये नाहीच. तो श्रीलिपी, कृतिदेव अशा आठ-बिटी फॉन्टांच्या हिशेबात साठवलेला असतो, म्हणजे फाइलीत नुसते बाइट असतात आणि फॉन्ट लावला की ते मराठी दिसतात. विंडोज-१२५२ म्हणून वाचले तर ते बाइट साधारण जसेच्या तसे परत लिहिता येतात. तीच फाइल २१ ने यूटीएफ-८ समजून वाचली की जे बाइट त्याला पटत नाहीत त्यांच्या जागी तो एक बदली चिन्ह टाकतो, एरर देत नाही, आणि पुन्हा सेव्ह केलं की मूळ बाइट गेले. कायमचे गेले. वेग कमी झाला तर मशीन मोठं घेता येतं, १९९८ च्या सभासद रजिस्टरमधली नावं कुठून आणणार?

त्यामुळे २१ ला हात लावायच्या आधी कोडमध्ये फाइलरीडर, फाइलरायटर, गेट-बाइट्स आणि बाइटपासून स्ट्रिंग बनवणारी प्रत्येक जागा शोधा आणि एन्कोडिंग स्पष्ट लिहा. आणि याची चाचणी १७ वरच घेता येते, फाइल-एन्कोडिंग यूटीएफ-८ करून चालवा, जे २१ ला होणार ते आत्ताच दिसेल. २१ वर जुनं वागणं हवं असेल तर त्याच प्रॉपर्टीला कॉम्पॅट ही किंमत देता येते, पण ती कुबडी म्हणूनच.

पतसंस्था_टेक

ताई, हे डोक्यातच नव्हतं. दोन ग्राहकांकडे अजून डीबीएफमधून (जुना डेटाबेस फाइल फॉरमॅट) येणाऱ्या आठ-बिटी फॉन्टच्या फाइली आहेत, दर महिन्याला इंपोर्ट होतात. त्या आधी बाजूला काढतो.

शिरोरेघ

काढाच. आणि त्यासोबत तारखा आणि रकमांचे फॉरमॅटही तपासा. ९ पासून लोकेलचा डेटा सीएलडीआर नावाच्या सामायिक भांडारातून येतो. भारताच्या इंग्रजी लोकेलने चलन छापलं तर जावा ८ रोमन आर आणि एस छापायचा, आता रुपयाचं चिन्ह येतं. स्क्रीनवर छान दिसतं, पण पासबुक प्रिंटरच्या जुन्या कॅरेक्टर सेटमध्ये ते चिन्ह नसेल तर खातेदाराच्या पासबुकात रकमेआधी काहीतरी भलतंच उमटतं आणि पहिला फोन शाखेतून येतो. तसंच ब्रिटिश इंग्रजी लोकेल वापरत असाल तर १६ पासून सप्टेंबरचं छोटं रूप तीन अक्षरांऐवजी चार अक्षरांचं झालंय, जुन्या फाइलीतली तारीख वाचताना फक्त सप्टेंबरचीच अडते. वर्षातले अकरा महिने सगळं व्यवस्थित आणि मग अचानक! लोकेलचा जुना डेटा परत आणायची प्रॉपर्टी आहे पण २३ मध्ये तीही काढली, म्हणून तिच्यावर विसंबू नका, पॅटर्न हाताने लिहून मोकळे व्हा.

लूम_फॅन

मला वाटतं सगळे १७, १७ करताय पण आज नवीन सुरुवात करणाऱ्याने १७ वर का थांबायचं? २१ पण एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) आहे (सप्टेंबर २०२३), २५ पण आलंय (सप्टेंबर २०२५). २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (हलके, हजारोंनी बनवता येणारे) आहेत, जनरेशनल झेडजीसी (अगदी लहान थांब्यांचा कलेक्टर) आहे, एवढा त्रास एकदा काढायचाच तर शेवटच्या स्टेशनलाच उतरा ना. दोन वर्षांनी परत हेच सगळं करायचं आहे का? बॅच पण व्हर्च्युअल थ्रेडवर टाका, प्रत्येक खातं एक थ्रेड, विषय संपला.

जीसी_लॉग_वाचा

भावा, २१ बद्दलचा तुझा पहिला मुद्दा मला पटतो, दुसरा अजिबात नाही.

व्हर्च्युअल थ्रेड हे वाट बघणाऱ्या कामासाठी आहेत. हजारो रिक्वेस्ट डेटाबेसच्या किंवा दुसऱ्या सेवेच्या उत्तराची वाट बघत बसल्यात तर तिथे ते सोन्यासारखे. व्याजाचं गणित हे सीपीयूचं काम आहे, आठ कोर असतील तर एका वेळी आठच हिशेब चालणार, थ्रेड लाख केले म्हणून कोर लाख होत नाहीत. आणि डेटाबेसकडे जायचं म्हटलं तरी हिकारी या डेटाबेस कनेक्शन सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या पूलमध्ये डिफॉल्टने १० कनेक्शन असतात, बाकीचे सगळे थ्रेड त्या दहाच्या रांगेत. शिवाय यांच्या कोडमध्ये सिंक्रोनाइज्डचा सुळसुळाट आहे आणि २१ मध्ये सिंक्रोनाइज्डच्या आत वाट बघायची वेळ आली की व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड अडकवून ठेवतो. जुने ड्रायव्हर, जुन्या लायब्रऱ्या असतील तर आख्खा सर्व्हर अडकू शकतो. ते २४ मध्ये दुरुस्त झालं, म्हणजे एलटीएस हवं असेल तर २५. तेव्हा व्हर्च्युअल थ्रेडसाठी जायचं असेल तर २१ नको, सरळ २५ चा विचार कर.

झेडजीसी पण तसंच. थांबा मिलिसेकंदाच्याही आत आणतो पण त्यासाठी सीपीयू आणि मेमरी दोन्ही जास्त मागतो. पतसंस्थेच्या सर्व्हरवर जी-वनचे थांबे पुरेसे लहान आहेत, हे त्यांनीच वर सांगितलंय.

लूम_फॅन

कनेक्शन पूलचं बरोबर आहे, बॅचचं मागे घेतो. पण मुक्कामाचं ठिकाण १७ नसावं हे माझं मत कायम आहे.

पॉडमध्ये_अडकलेला

एक भर घालतो, तुम्ही कुबरनेटीस किंवा डॉकरवर जाणार असाल तर. कंटेनरला दोनपेक्षा कमी सीपीयू किंवा साधारण पावणेदोन जीबीपेक्षा कमी मेमरी दिली तर नवीन जावा त्याला सर्व्हर मानतच नाही आणि डिफॉल्टला जी-वन पण लागत नाही, सिरियल लागतो. लोक म्हणतात १७ वर जी-वन आहे आणि प्रत्यक्षात एकच थ्रेड कचरा उचलत असतो. कुठला कलेक्टर चालू आहे ते लॉगच्या पहिल्या ओळींत छापून येतं, वाचा. आणि हीपचा आकार सांगितला नाही तर कंटेनरच्या मेमरीचा पाव भागच घेतो, मॅक्स रॅम पर्सेंटेज स्वतः ठरवा, मात्र हीपबाहेरच्या गोष्टींना जागा सोडून. जावा ८ चं जुनं अपडेट असेल तर ते नवीन लिनक्सवरच्या सीग्रुपच्या (कंटेनरला मेमरी-सीपीयूची मर्यादा घालायची सोय) दुसऱ्या आवृत्तीतली मर्यादा ओळखतच नाही, पूर्ण मशीनची मेमरी आपलीच समजतं, त्यामुळे कंटेनरमध्ये ८ आणि १७ ची तुलना करताना हे आधी बघा नाहीतर आकडे काहीच सांगत नाहीत.

पायथनवाली

जावावाली नाही मी पण वाचताना ओळखीचं वाटलं. आमच्याकडे पायथन ३.११ आलं तेव्हा अधिकृत माहितीत सरासरी १.२५ पट वेग लिहिला होता, पण तो शुद्ध पायथन कोडचा. आमचं बहुतेक काम नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या आतल्या सी कोडमध्ये होतं, त्यामुळे आम्हाला फरक नावापुरता आणि ज्या टीमचे लूप साध्या पायथनमध्ये होते त्यांना घसघशीत. जाहिरातीतला आकडा कुणाच्या कोडवर मोजलाय ते आधी बघायचं, हे तिकडेही लागू दिसतंय.

पतसंस्था_टेक

सगळ्यांचं वाचून असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. आधी ८ वरच आतल्या लूपमधले स्ट्रिंगबफर आणि वेक्टर काढायचे आणि एन्कोडिंग सगळीकडे स्पष्ट लिहायचं. मग तीच जार १७ वर, काउंटरला जी-वन, बॅचला पॅरलल. तोवर कंपाइल ८ साठीच करत राहायचं म्हणजे काही बिघडलं तर त्याच जारसकट परत ८ वर जाता येईल. महिनाअखेर आणि तिमाही अखेर दोन्ही सुखरूप पार पडल्या की १७ साठी कंपाइल, मग बूट ३ आणि जाकार्टाची नावबदली (जावॅक्स नावाच्या पॅकेजांना आता जाकार्टा म्हणायचं), आणि २१ किंवा २५ त्यानंतर.

एक शंका राहिली. दोन्ही व्हर्जनवर बॅच चालवून निकाल जुळवून बघायचे आहेत. काय काय जुळवू? सगळ्या फाइली बाइट टू बाइट?

रात्रपाळी

क्रम चांगला आहे. बूट आणि जेडीके एकदम बदलायचं नाही हे तुम्ही स्वतःच धरलंत ते उत्तम, जावॅक्सचं जाकार्टा करताना शेकडो फाइली हलतात, त्यात जेव्हीएमचा दोष शोधत बसणं नको. नावबदलीला ओपनरीराइट (कोड आपोआप बदलणारं साधन) वापरा, आणि आतल्या एपीआयवर कोण अवलंबून आहे ते जेडेप्स या जेडीकेच्या साधनाने आत्ताच काढून ठेवा.

जुळवणी बाइट टू बाइटच करा, पण फरक दिसला की घाबरू नका, तीन ठिकाणी फरक येणं अपेक्षित आहे. एक, वर ताईंनी सांगितलेले तारीख आणि चलनाचे फॉरमॅट. दोन, वेळेचे शिक्के. जावा ८ मध्ये इन्स्टंट-नाऊ (आत्ताची वेळ देणारी मेथड) मिलिसेकंदापर्यंत द्यायचा, लिनक्सवर १५ पासून नॅनोसेकंदापर्यंत देतो, आणि पोस्टग्रेस मायक्रोसेकंदापर्यंतच साठवतो, त्यामुळे मेमरीतली वेळ आणि डेटाबेसमधून परत वाचलेली वेळ समान नाही असं होतं. टेस्ट फुटतातच पण वेळेची तुलना करून "हा व्यवहार आधीच झालाय" ठरवणारा कोड असेल तर तिथे दुहेरी नोंद व्हायची भीती आहे, तो मुद्दाम शोधा. लिहितानाच मिलिसेकंदाला कापून टाका.

तीन, आणि हे २१ ला जाताना. जावा १९ मध्ये डबल (दशांशाची अंदाजे किंमत ठेवणारा प्रकार) संख्येचं स्ट्रिंगमध्ये रूपांतर करायची पद्धत सुधारली, आधी काही संख्यांना गरजेपेक्षा जास्त अंक यायचे ते आता येत नाहीत. बिगडेसिमलची (दशांश अचूक ठेवणारा क्लास) व्हॅल्यू-ऑफ ही मेथड डबल घेते तेव्हा आतून हेच रूपांतर वापरते. म्हणजे व्याजाच्या कोडमध्ये कुठे डबलवरून बिगडेसिमल बनत असेल तर क्वचित एखाद्या खात्याला शेवटच्या अंकात फरक येऊ शकतो आणि राउंडिंगच्या काठावर असेल तर एका पैशाचा. पैशाचा असला तरी ताळेबंद जुळत नाही आणि ऑडिटर विचारतोच. व्याजदर आणि रक्कम डेटाबेसमधून थेट बिगडेसिमल म्हणूनच उचलली जाते का बघा, जिथे मधे डबल आलाय ती जागा ८ वर असतानाच बदला आणि बदलाच्या आधीचे आणि नंतरचे व्याज जुन्या बंद वर्षाच्या डेटावर चालवून जुळवा. चालू वर्षावर नको, त्यात रोज व्यवहार पडत असतात आणि फरक कशाचा ते वेगळं करता येत नाही.